मामंजींनी मारलेलं बूच

आमच्या मामंजींना गळणारी कुठलीही गोष्ट सहन होत नाही. नळ, छप्पर, दुधाची पिशवी, छत्री, माणसाचं नाक. नातीला सर्दी झाली की ते आधी रुमाल घेऊन धावतात आणि मग विचारतात, "बरं वाटत नाही का गं?" उभी हयात त्यांनी पाणीपुरवठा खात्यात फिटर म्हणून काढली. रस्त्याखालून जाणाऱ्या, माणूस आत रांगत जाईल एवढ्या मोठ्या नळांच्या सांध्यांतून थेंबभरही पाणी बाहेर येऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. खात्याने त्यांना निवृत्त केलं, पण थेंब काही निवृत्त झाले नाहीत. अजूनही कुणाकडे चहाला गेलो की गप्पांच्या मध्येच त्यांची मान वळते. आत कुठे तरी नळ ठिबकत असतो आणि तो फक्त त्यांनाच ऐकू येतो. यजमानांना वाटतं, पाहुणे कंटाळले. आम्हाला ठाऊक असतं, पाहुणे पाना शोधताहेत.

बोलणं मात्र बेताचं. सासूबाई म्हणतात, "तोंडालाही वॉशर बसवलाय यांनी."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला त्या अबोलपणाची भीती वाटायची. मी सासूबाईंपेक्षा चांगली वीतभर उंच. स्वयंपाकघरातलं सिंक त्यांच्या उंचीचं, त्यामुळे भांडी घासताना मला कमरेत वाकावं लागे. पहिल्याच आठवड्यात मामंजी एकदा पाणी प्यायला आले, दारात थबकले, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी न पिताच निघून गेले. मला वाटलं, झालं, काही तरी चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी घेऊन हजर. दुपारपर्यंत सिंक वर सरकलं होतं आणि त्याच्यापुढे सासूबाईंसाठी एक लाकडी पाट येऊन बसला होता.

"सून काय आली, मला पाटावर चढवलं," सासूबाई म्हणाल्या.

"तिची पाठ दुखेल," मामंजी म्हणाले, आणि पेटी उचलून गेले.

माझ्या पदवीचं शेवटचं वर्ष लग्नामुळे अर्धवट राहिलं होतं. ते पुरं करायचं असं घरात कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला आजही माहीत नाही. परीक्षेच्या दिवशी मामंजींची जुनी गाडी दाराशी उभी होती, एवढं खरं. प्रत्येक पेपरला त्यांनी मला नेलं आणि प्रत्येक पेपर संपेपर्यंत ते फाटकाबाहेर थांबले. पेपर कसा गेला असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. पाण्याची बाटली पुढे करायचे आणि गाडी सुरू करायचे. पुढे त्याच गाडीवर त्यांनी मला चालवायला शिकवलं. शिकवलं म्हणजे शेजारी बसले. मी गिअर चुकीचा टाकला की ते खिडकीबाहेर बघत, जणू तो आवाज दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून आला.

ही गाडी माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी आहे. दुधी रंगाची, गोलसर पाठीची, समोर दोन मोठे डोळे. मामंजी दर रविवारी तिला धुऊनपुसून उभी करत आणि सासूबाई खिडकीतून विचारत, "झाली का माझ्या सवतीची आंघोळ?" हा विनोद इतक्या वर्षांत एकदाही बदलला नाही आणि मामंजी त्यावर एकदाही हसले नाहीत.

पण सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सवतीचं पारडं जड झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघा खुब्याच्या वर जाईल अशा ठिकाणी बसायचं नाही. म्हणजे आमच्या ह्यांची नवी गाडी बाद, टॅक्स्या बाद, त्या सगळ्या जमिनीला चिकटलेल्या. उंच गाड्यांची पायरी त्यांना चढवत नसे. राहिली ही एक. हिचं दार घराच्या दारासारखं सताड उघडतं, सीट सोफ्यासारखी उंच आणि सपाट. आधी पाठ करून बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. "डॉक्टरला विचारूनच बनवलीय मेली," असं पहिल्यांदा बसल्यावर सासूबाई म्हणाल्या. 'मेली'त बरीच माया होती.

सासूबाईंना एकच थोरली बहीण. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. आई लवकर गेल्यामुळे मावशींनीच सासूबाईंना वाढवलं. त्या डोंगरापलीकडच्या गावी लेकाकडे असतात. कान गेलेले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. गेल्या वर्षापासून त्यांची आठवण जाऊ लागली. त्यांच्या सुनेने मला फोन करून सांगितलं, "रोज एकेक माणूस पुसलं जातंय. मला ताई म्हणतात, मुलाला डॉक्टर म्हणतात. तुमच्या सासूबाईंचं नाव अजून घेतात. यायचं तर लवकर या."

मी निरोप दिला तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी तशीच खाली ठेवली. "उद्या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मामंजींच्या डोळ्यांमुळे लांबचं चालवणं माझ्याकडे आलं आहे. ते शेजारी, सासूबाई मागे उशीला टेकून. सपाटीवर सगळं ठीक होतं. गाडीत थोडा तेलाचा वास होता, पण तो अलीकडे नेहमीचाच झाला होता, गावातल्या गावात काच खाली केली की भागत असे. चढ लागला, पुढे एक मालाचा ट्रक कण्हत चाललेला, त्याच्यामागे आमचाही वेग बैलगाडीचा झाला, आणि वास वाढू लागला. मग नुसता वास राहिला नाही. पायाशी, पेडलच्या फटींतून निळसर धूर वर येताना मला दिसला. काचा सगळ्या उघडल्या तरी डोळे चुरचुरायला लागले. मागे सासूबाईंना खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. मी गाडी कडेला घेतली. त्यांना उतरवून दगडावर बसवावं तर दगड बुटका. त्या दाराला धरून उभ्याच राहिल्या आणि ओकल्या.

"जरा बसा, बरं वाटेल मग निघू," मी म्हटलं.

"कुठे निघू?" त्या म्हणाल्या. "मी पोचेपर्यंत तिने मला ओळखायचं राहू दे, मीच तिला ओळखायची नाही."

आम्ही परत फिरलो. घरी आल्यावर त्यांनी पिशवीतले कपडे काढून कपाटात नीट रचून ठेवले, बाहेर जायचे बूट खोक्यात घातले. मग मला म्हणाल्या, "माझा एक फोटो काढ आणि पाठव तिला." मामंजी दारात उभे होते. मी तो फोटो काढताना त्यांनी पाहिलं.

त्या दिवसापासून मामंजी गाडीच्या मागे लागले. इंजिनाच्या खालून, मागून तेल पाझरत होतं. तेल गळतंय, तापलेल्या लोखंडावर पडून जळतंय, त्याचा धूर होतोय, असं त्यांचं गणित. मग करा बंद. त्यांनी गॅस्केटं बदलली, सांधे पुसून त्यांवर लेप चढवले, तेल ओतायच्या तोंडाच्या झाकणाखाली जाड रबराचा वॉशर घातला. एका ठिकाणी तर नळकामातली सुतळी आणि सफेदाही वापरला. एक जागा कोरडी झाली की तेल दुसरीकडून डोकं काढी. ती बंद केली की तिसरीकडून. जितकं आवळावं तितकं जास्त.

"बाबा, इंजिन सुरूच करू नका," आमचे हे ऑफिसला निघताना म्हणाले. "मुळीच गळणार नाही."

मामंजी पुन्हा गाडीखाली शिरले. जेवायलाही ते हात नीट न धुता बसले, हे या घरात मी पहिल्यांदा पाहिलं. आणि सासूबाईंनी त्यावरून त्यांना टोमणा मारला नाही, तेव्हा मात्र मी घाबरले. मी त्यांना न विचारता गॅरेजवाल्या मिस्त्रींना फोन केला.

या मिस्त्रींना सगळे 'निवांत' म्हणतात. गाडी कधी मिळेल असं विचारलं की ते "निवांत" असं उत्तर देतात, त्यावरून पडलेलं नाव. ते आले, आधी चहा प्यायले, मग गाडीभोवती एक फेरी मारली, जसं एखादं स्थळ बघायला आलेत.

"वहिनी, भांडी घासायचा रबरी हातमोजा आहे का घरात?"

मी दिला. त्यांनी तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं, वरचा वॉशर बघून भुवई उडवली, त्या तोंडावर हातमोजा ताणून बसवला आणि मला गाडी सुरू करायला सांगितलं. माझा पिवळा हातमोजा हळूहळू उठून बसला, पाचही बोटं ताठ झाली.

सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. "कुणाला आशीर्वाद देतोय तो?" त्यांनी विचारलं. फोटो पाठवल्यापासूनचा त्यांचा हा पहिला विनोद.

"काकू, आशीर्वाद नाही, तक्रार आहे," मिस्त्री म्हणाले. "पोट फुगलंय हिचं."

मग ते गाडीखाली शिरले. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. आतून आवाज आला, "काका, हे बूच कुणी मारलंय?"

"कुठलं?" मामंजी वाकले.

"इंजिनाच्या बगलेतून ही वाकडी नळी खाली येते ना, तिच्या तोंडात. लाकडाचं. रंगबिंग देऊन. फार सुरेख बसवलंय हो, निघता निघत नाही."

मामंजी हळूच सरळ झाले. "मी."

"का?"

"गळत होती. थेंब थेंब."

मिस्त्री बाहेर आले आणि जमिनीवरच मांडी घालून बसले. त्यांनी मग जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. इंजिनात पेट्रोल जळतं, त्यातला थोडा धूर फटीतून निसटून खाली इंजिनाच्या पोटात उतरतो, जिथे तेल असतं. इंजिन जितकं जुनं तितका हा निसटता धूर जास्त. त्याला बाहेर जायला वाट लागते. ती वाट म्हणजे ही नळी. मिस्त्री तिला ब्रीदर म्हणाले. गाडी पळते तेव्हा खालून जाणारा वारा नळीतून धूर ओढून घेतो. गाडी उभी असली की नळीच्या टोकाशी तेलाचा एखादा थेंब जमतो आणि पडतो. ते नळीचं गळणं नव्हतंच. वाट बंद झाल्यावर आत कोंडलेला धूर जिथे सापडेल तिथून तेल घेऊन बाहेर पडत होता.

मामंजी ऐकत होते, पण पटल्यासारखं दिसेना. तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "काका, तुमची पाण्याची मोठी लाइन टेकडीवरून जाते. वरच्या टोकाला तुम्ही काय बसवता?"

"हवेचा व्हॉल्व्ह."

"तो कुणी बंद केला तर?"

"लाइन फुटते," मामंजी म्हणाले. खात्यातल्या नव्या माणसांना त्यांनी हे किती वेळा सांगितलं असेल. बोलून झालं आणि मग त्यांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं. ते पायरीवर बसले. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असं जे चाललं होतं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला हसून वाटेला लावलं असतं.

"पण गळती म्हणून बूच मारायचं कशाला?" मिस्त्री म्हणाले. "खाली एखादं पत्र्याचं ताट ठेवायचं."

"हिच्या फरशीवर डाग पडत होता," मामंजी म्हणाले.

गाडीखालच्या या नव्या फरशीवर तेलाचा पहिला डाग पडला तेव्हा सासूबाईंनी खरंच घर डोक्यावर घेतलं होतं. मला ते चांगलं आठवत होतं, आणि सासूबाईंनाही आठवलं असणार, कारण त्या खिडकीतून म्हणाल्या, "म्हणजे आता माझ्यावर आलं का?"

"तुझ्यावर कुठे," मामंजी म्हणाले. "फरशीवर."

मिस्त्रींनी पक्कडीने बूच उपटलं. फस्स करून काळपट वाफ सुटली आणि वरचा हातमोजा मान टाकून पडला. आता मिटलं असं मला वाटलं. पण इथेच घोडं पेंड खात होतं. ती नळी वाऱ्याच्या भरवशावर. चढावर, ट्रकच्या मागे, वारा कुठला? धूर तिथेच खाली घुटमळणार आणि तळाच्या फटींतून आत येणार. पूर्वी इंजिन तरणं होतं, धूर कमी होता, चालून गेलं. सासूबाईंच्या छातीला आता तेवढाही चालणार नव्हता.

"मग?" मामंजींनी विचारलं.

"मग हिला श्वास खाली सोडू द्यायचाच नाही. नळी वर न्यायची आणि कार्ब्युरेटरच्या फिल्टरच्या डब्यात जोडायची. इंजिन हवा ओढतं, त्याबरोबर आपला धूर आपणच ओढून जाळून टाकेल."

दुसऱ्या दिवशी रबरी होज आला, क्लिपा आल्या, दुपारी जोडणीही झाली. मी गाडी बाजारापर्यंत नेली. आत वास नाही. मी खूश. चौकात माझ्या मागून एक स्कूटरवाला खोकत पुढे आला आणि काचेशी वाकून म्हणाला, "ताई, ही डास मारायची गाडी आहे का?" आरशात पाहिलं तर मागे अख्खा रस्ता निळा. इंजिन धुराबरोबर तेलही प्यायला लागलं होतं.

निवांत मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "वहिनी, आयुष्यात एकदा घाई केली," ते म्हणाले. "वाफेतलं तेल आधी वेगळं करायला हवं होतं. मधे काही तरी बसवायला पाहिजे. तयार मिळेल असं वाटत नाही या वयाच्या गाडीला."

मामंजी इतका वेळ होजकडे बघत होते. "पाण्यातला गाळ आम्ही चेंबरमध्ये बसवतो," ते म्हणाले. "अरुंद नळातून पाणी एकदम रुंद जागेत आलं की ते दमतं. दमलं की गाळ खाली बसतो."

"वाफही दमेल," मिस्त्री म्हणाले.

त्यानंतरचे काही दिवस मामंजी मागच्या पडवीत होते. मनगटाएवढ्या जाडीचा पितळी नळाचा एक तुकडा त्यांच्याकडे पडून होता. त्याची दोन्ही तोंडं त्यांनी चकत्या ठेवून, डाख देऊन बंद केली. खालच्या अंगाला एक तोंड वाफ आत यायला, माथ्यावर एक बाहेर जायला, तळाशी एक छोटी नळी, जमलेलं तेल परत इंजिनात उतरावं म्हणून. आत भोकांची एक जाळी. जाळीवर काय भरायचं यावर दोघांची चर्चा अडली. तेल चिकटून राहील पण वाफ अडणार नाही, गंजणार नाही, झिजून त्याचे कण इंजिनात जाणार नाहीत, असं काही तरी हवं होतं. मी चहा द्यायला गेले तर दोघं जाळीकडे बघत बसलेले. मामंजींची नजर माझ्या हाताकडे गेली. मी भांडी घासता घासता तशीच आले होते, हातात स्टीलच्या चपट्या तारेची घासणी.

"सूनबाई, कोऱ्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

पाकीटच नेलं त्यांनी. त्या आठवड्यात मी भांडी बोटांनी आणि आशेने घासली.

झाकणाखालचा रबराचा वॉशर मामंजींनी आपल्या हाताने काढला. उलट त्या झाकणाला बारीक भोक पाडून त्यावर जाळी लावायची होती, धूर ओढला जाईल तशी स्वच्छ हवा आत यायला. ड्रिल हातात घेऊन ते थोडे थांबले. चांगल्या घट्ट झाकणाला आपणहून भोक पाडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी.

"मी पाडू?" मिस्त्रींनी विचारलं.

"नको," मामंजी म्हणाले, आणि पाडलं.

सगळं जोडून झाल्यावर मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं, झाकण काढलं आणि तोंडावर पातळ कागदाचा तुकडा धरला. आठवड्यापूर्वी तिथे माझा हातमोजा फुगला होता. कागद थरथरला, आणि मग आतून कुणी हलकेच ओढावं तसा तोंडाला चिकटून राहिला. मामंजींनी बोटाने त्याची कड उचलून पाहिली. सोडली की परत चिकटे. मागे धूर नव्हता. सासूबाई वॉकर घेऊन पायरीपर्यंत आल्या होत्या.

"जाऊ या?" त्यांनी विचारलं. मामंजींना विचारलं, मला नाही.

"आधी मी आणि सूनबाई जाऊन येतो. चढापर्यंत."

आम्ही जाऊन आलो. मामंजी मागे सासूबाईंच्या जागी बसले होते, सगळ्या काचा बंद करून, आणि चढावर मला म्हणाले, "मुद्दाम हळू चालव." मी रांगत चालवली. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून आमच्या सात पिढ्या उद्धरल्या. मामंजी नाक वर करून बसले होते.

मग खरा दिवस आला. कपाटातले कपडे पुन्हा पिशवीत गेले. चढावर रस्त्याचं काम निघालं होतं आणि गाड्यांची रांग लागलेली. मागे जिथून परत फिरलो तिथेच, थोडं अलीकडे, आम्ही इंजिन चालू ठेवून थांबलो. सासूबाई श्वास जपून घेत होत्या, हे मला आरशात दिसत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "वास येतोय."

मामंजी वळले, खाली पेडलपाशी वाकले, सीटच्या मागे वाकले. मी नाक ताणून हुंगत होते. मलाही आला, तेलाचाच.

"जरा इकडे या," सासूबाई म्हणाल्या. मामंजी मागे झुकले. त्यांनी मामंजींचा हात धरून नाकाशी नेला आणि सोडून दिला. "तुमच्या हातांचा आहे. निघताना पुन्हा तिच्या पोटात हात घातला होतात ना?"

घातला होता. क्लिपा बघायला, म्हणे. मामंजी खाली उतरले, बाटलीच्या पाण्याने आणि माझ्या पर्समधल्या साबणाच्या कागदाने रस्त्याच्या कडेला हात धुतले, कोपरापर्यंत. शेजारच्या गाडीतली माणसं बघत होती. ते परत आत बसले, सासूबाईंनी पुन्हा हुंगलं. "आता नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी काच वर केली.

मावशी खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. खूप वाळलेल्या. त्यांच्या सुनेने उंच खुर्ची आणून ठेवली होती, त्यावर मामंजींनी आमच्या गाडीतली उशी आणून घातली. सासूबाई बसल्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतका वेळ पाहत राहिल्या की मला बाहेर जावंसं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "एकटी आलीस?"

एवढ्या लांब, एवढीशी पोर, असा तो स्वर होता. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत.

"नाही गं ताई," त्या मोठ्याने म्हणाल्या. "हे घेऊन आले."

मावशींनी दाराकडे पाहिलं. मामंजी तिथे उभे होते. "बरं केलंत," मावशी त्यांना म्हणाल्या.

"रस्ता बरा होता," मामंजी म्हणाले.

दुपारभर त्या बहिणी बोलत होत्या. बोलत होत्या म्हणजे सासूबाई ओरडत होत्या आणि मावशी त्यांच्या हातावरून हात फिरवत होत्या. मी आणि मामंजी बाहेर बाकावर बसलो. मला त्यांना काही तरी सांगायचं होतं, सिंकपासून आजपर्यंतचं. जुळवाजुळव केली, तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "पाणी पितेस?" आणि बाटली पुढे केली. मी प्यायले. या माणसाचे आभार असेच मानायचे असतात, त्याने दिलेलं घ्यायचं, हे मला आता कळलं आहे.

परत येताना सासूबाईंना झोप लागली. जागं होऊन त्या एकदा म्हणाल्या, "अहो."

"काय?"

"काही नाही."

"हं," मामंजी म्हणाले. लग्नाला पन्नास वर्षं होत आलेल्या माणसांचं एवढ्यात बरंच बोलून होतं.

तेव्हापासून आम्ही दर महिन्याला जातो. त्या पितळी डब्यातल्या घासण्या मधूनमधून बदलाव्या लागतात, ते काम मामंजींनी माझ्याकडे सोपवलंय. मावशींच्या आठवणीतून आता सासूबाईही गेल्या. गेल्या खेपेला मावशींनी त्यांना कुणी तरी शेजारीण समजून फार अगत्याने बसवलं, चहा झाला का विचारलं, मुलं काय करतात विचारलं, आणि माझी धाकटी बहीणही अगदी तुमच्यासारखीच दिसते असं सांगितलं. बाहेर आल्यावर आम्ही दोघं सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होतो. त्या गाडीत नेहमीसारख्या पाठ करून बसल्या, दोन्ही पाय आत घेतले.

"शेजारीण तर शेजारीण," त्या म्हणाल्या. "बसायला तर मिळतं. पुढच्या महिन्यात कधी यायचं?"